भाव सगळ्यात शेवटी विचारा : कमी पैशांत कारचे टायर बदलण्याचा क्रम

टायरच्या दुकानात शिरलं की बहुतेक जण आधी भाव विचारतात. घासाघीस होते, शंभर-दोनशे सुटतात, टायर बसतात. सात-आठ महिन्यांनी पुढच्या टायरची आतली कड गुळगुळीत झालेली दिसते आणि खापर फुटतं टायर कंपनीवर. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी पट्ट्यात हे नेहमीचंच आहे. टायर स्वस्त मिळाला की महाग, यापेक्षा कामं कोणत्या क्रमाने केली यावर घरातला पैसा जास्त वाचतो किंवा जातो. पुढचा क्रम पाच-सात आसनी खासगी कारसाठी आहे. अल्टो, वॅगन-आर, स्विफ्ट, आय-टेन असल्या गाड्यांना तो जसाच्या तसा लागू पडतो.

## टप्पा १ : टायर खरंच संपलाय का?

टायरच्या मुख्य खाचांच्या तळाशी थोड्या थोड्या अंतरावर रबराचे आडवे उंचवटे असतात. त्यांची जागा बाजूच्या भिंतीवर ‘टीडब्ल्यूआय’ अक्षरांनी किंवा छोट्या त्रिकोणाने दाखवलेली असते. नक्षी झिजून या उंचवट्यांच्या बरोबरीला आली की खाच १.६ मिलिमीटर उरली असं समजा. कारसाठी कायद्याची मर्यादा तीच आहे. नव्या टायरची खाच साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल असते.

मोजायला यंत्र लागत नाही. काडेपेटीतली काडी खाचेत उभी धरा, नखाने खूण करा आणि मुलांच्या पट्टीवर मोजा. प्रत्येक टायर तीन ठिकाणी मोजायचा : आतली कड, मध्य, बाहेरची कड. आतली कड सहसा कुणी बघत नाही, कारण ती उभ्याने दिसत नाही. पुढचं चाक बघताना स्टिअरिंग पूर्ण वळवून ठेवा, मागच्यासाठी मात्र गुडघ्यावर बसावंच लागतं.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे राहत असाल किंवा पावसाळ्यात चोर्ला, आंबोली घाटातून जाणं-येणं असेल, तर ३ मिलिमीटरलाच टायर बदलायचा विचार करा, तोही जूनच्या आधी. एवढ्या कमी खाचेतून पाणी पुरेसं बाहेर पडत नाही आणि चाक पाण्यावर तरंगतं. अथणी, रायबागच्या कोरड्या भागात तोच टायर आणखी काही महिने चालेल. तोवर पैसे बाजूला काढायला वेळ मिळतो.

थांबायचं नाही अशी लक्षणं : बाजूच्या भिंतीला फुगा, आतले धागे किंवा तार दिसणारा काप, भिंतीवर खोल भेगा. यातलं एकही दिसलं तर नक्षी नवी असली तरी तो टायर बाद.

वय बघा : ‘डीओटी’ अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असू शकतात, बाहेरून दिसले नाहीत तर आतून बघा. पाच वर्षं झाली की दर वर्षी तपासणी हवी. दहा वर्षांचा टायर गोटा (नक्षी जाऊन गुळगुळीत) झालेला नसला तरी काढायचा. डिकीतल्या स्टेपनीलाही हाच नियम.

## टप्पा २ : गाडी टायर का खाते ते शोधा

याच टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. जुने टायर दुकानात सोडले की पुरावा गेला, म्हणून हे काम ते गाडीवर असतानाच उरकायचं.

मध्य जास्त झिजला आणि दोन्ही कडा शाबूत असतील तर हवा जास्त ठेवली जात होती. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य उंच असेल तर हवा कमी. आपल्याकडे दुसरा प्रकारच जास्त दिसतो, कारण हवा महिनोन्‌महिने तपासली जात नाही आणि सौंदत्ती, जोतिबा, पंढरपूरच्या वाटेवर गाडीत माणसं मात्र दाटीवाटीने बसतात.

एकच कड, विशेषतः आतली, झिजली असेल तर अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळणी) बिघडलेली आहे किंवा पुढच्या भागातला एखादा सुटा भाग ढिला झालाय. आता तळहात नक्षीवरून आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि परतताना करवतीसारखं टोचत असेल तर चाकांचा ‘टो’, म्हणजे वरून बघताना चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचं माप, चुकलाय. ठिकठिकाणी खळगे पडले असतील तर संशय शॉकअ‍ॅब्सॉर्बरवर, नाहीतर बॅलन्सिंगवर (चाकाचं वजन चहूबाजूंनी सारखं करण्यावर).

एक कड खाल्लेली किंवा खळगे दिसले की आधी मिस्त्रीकडे जायचं, टायरच्या दुकानात नाही. बेळगावात उद्यमबाग किंवा ऑटोनगरकडे, गावात असाल तर जो मिस्त्री गाडी उचलून दाखवेल त्याच्याकडे. चाक हवेत असताना वर आणि खाली धरून हलवायला सांगा. खडखडलं तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. डावी-उजवीकडून धरून हलवल्यावर खडखडलं तर टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंगचा सांधा. लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश फाटलेत का तेही बघून घ्या.

सर्रास होणारी चूक : ‘आधी टायर टाकू, बुशचं नंतर बघू.’ ढिल्या सांध्यावर केलेली अलाइनमेंट पहिल्या मोठ्या खड्ड्यापर्यंत टिकते. एका टायरच्या किमतीपेक्षा कमी खर्चाचं काम टाळून दोन नवे टायर घालवण्यासारखं हे आहे. पैसे दोन्हींना पुरत नसतील तर आधी सांधे, मग टायर. तोपर्यंत गाडी हळू आणि फक्त जवळपास चालवा. टप्पा १ मधलं बाद व्हायचं लक्षण असेल तर मात्र ती उभीच ठेवा.

## टप्पा ३ : साइज गाडीवरून घ्या, आठवणीतून नको

ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर दिसतं. त्यावर टायरचा साइज आणि हवेचा दाब दोन्ही असतात. स्टिकर फाटलं असेल तर गाडीच्या पुस्तकात बघा. टायरवरून साइज उतरवून घेऊ नका. गाडी जुनी घेतलेली असेल तर आधीच्या मालकाने भलताच साइज टाकलेला असू शकतो.

समजा १५५/८० आर १३ ७९टी असं लिहिलंय. १५५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी. ८० म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ऐंशी टक्के. १३ ही इंचात रिम. ७९ हा वजनाचा आकडा, त्याचा अर्थ एक टायर ४३७ किलो पेलतो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतची वेगमर्यादा. वजनाचा आकडा स्टिकरवरच्यापेक्षा कमी चालत नाही, जास्त असला तर हरकत नाही. वेगाच्या अक्षरालाही हेच लागू. ७४ म्हणजे ३७५ किलो, ८५ म्हणजे ५१५, ८८ म्हणजे ५६०. घरची गाडी शनिवारी बाजारचं सामान आणि रविवारी आठ पाहुणे वाहत असेल तर हा आकडा दोनदा बघा.

‘तोच साइज नाही, पण हा बसतो’ हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकू येतं. बसतो, पण मोजून बघा. १६५/८० आर १४ ची एकूण उंची सुमारे ६२० मिलिमीटर. त्याऐवजी १७५/७० आर १४ टाकला तर ती ६०१ होते. म्हणजे गाडी साडेनऊ मिलिमीटर खाली बसली आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा तीन टक्के जास्त दाखवू लागला. खानापूरच्या आतल्या गावांच्या वाटेवर खालून दगड लागण्याची तक्रार मग आपोआप सुरू होते. याउलट १८५/६५ आर १५ ची उंची ६२१ मिलिमीटर भरते, पण त्याला रिमच वेगळी लागते. तेवढ्यासाठी रिमवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

पैसे वाचवायला रुंद टायर हा पर्यायच नाही. तो महाग असतो, इंधन जास्त खातो आणि रिमच्या रुंदीला जुळला नाही तर कडा लवकर झिजतात.

## टप्पा ४ : दोन घ्यायचे की चार?

चार एकदम घेणं जमत नसेल तर दोन घ्या. पण एकाच धुऱ्यावरचे दोन्ही, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि शक्यतो एकमेकांपासून काही आठवड्यांच्या अंतराने बनलेले. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला अर्धा झिजलेला असं ठेवलं की ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते.

आता ज्यावर दुकानात हमखास वाद होतो ते. नवे दोन टायर मागे बसवायचे, मागचे चांगले दोन पुढे आणायचे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीतही हेच. पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ जात राहते. ॲक्सिलरेटर सोडला की बहुतेक वेळा ती पुन्हा हातात येते. मागचे घसरले तर गाडी गरकन फिरते, आणि ओल्या घाटातल्या वळणावर ती सावरायला वेळच मिळत नाही. ‘पुढे झीज जास्त होते म्हणून नवे पुढे’ हा हिशेब झिजेपुरता बरोबर असला तरी सुरक्षेत चुकतो. पुढे आणलेले टायर लवकर संपले की पुढच्या वर्षी त्या जोडीची पाळी. अशाने खर्च दोन हप्त्यांत आपोआप वाटला जातो.

स्टेपनीचा उपयोग : ती इतर चार टायरच्याच साइजची आणि तशाच रिमवर असेल तर पुढच्या वेळेपासून तिलाही आळीपाळीत घ्या. झीज पाच टायरमध्ये वाटली गेली की प्रत्येकाचा वाटा एक पंचमांशाने कमी होतो. पण सहा वर्षं डिकीत पडून असलेली कोरी स्टेपनी एका नव्या टायरच्या जोडीला लावून एकाचे पैसे वाचवायला जाऊ नका. वय आणि नक्षी दोन्ही जुळत नाहीत.

## टप्पा ५ : कोणता टायर?

एमआरएफ, अपोलो, सिएट, जेके यांचे लहान गाड्यांचे टायर आपल्या भागात सहज मिळतात आणि तक्रार करायला विक्रेताही जवळ सापडतो. कमी पैशांत याच गोष्टीला जास्त किंमत आहे. ओळख नसलेला आयात टायर दोनशे रुपयांनी स्वस्त पडला, तरी भरपाई मागायला कुणाकडे जाणार?

एकाच कंपनीत ‘जास्त किलोमीटर’वाला आणि ‘चांगली पकड’वाला असे प्रकार असतात. पहिल्याचं रबर सहसा कडक असतं. तो टिकतो, पण ओल्या डांबरावर थांबायला थोडा जास्त रस्ता घेतो. चिकोडी, गोकाक, अथणीकडे रोज कोरड्या रस्त्यावर जास्त धावणारी गाडी असेल तर पहिला घ्या. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला किंवा चंदगडच्या बाजूला गाडी चार महिने पावसातच असते, तिथे दुसरा.

हिशेब किलोमीटरवर करा. समजा एक टायर ३,४०० रुपयांचा आणि ३०,००० किलोमीटर चालणारा, दुसरा ४,००० रुपयांचा आणि ४५,००० चालणारा. पहिल्याला किलोमीटरमागे सुमारे ११ पैसे पडतात, दुसऱ्याला ९. पण वर्षाला जेमतेम चार हजार किलोमीटर होत असतील तर ४५,००० व्हायच्या आधी टायर वयानेच बाद होईल, आणि ते जास्तीचे सहाशे वाया. कमी चालणाऱ्या गाडीला मध्यम किमतीचा टायर पुरतो. दुकानदार हे सांगणार नाही.

जुने टायर : घ्यायचेच असतील तर एकच प्रकार बरा. नवी गाडी घेतल्याबरोबर हौसेने अलॉय आणि मोठे टायर टाकणाऱ्यांचे काढलेले कंपनी टायर. ते जवळजवळ कोरे असतात. बाकी जुन्या टायरमध्ये काळं पॉलिश मारून भेगा झाकतात, गोटा झालेल्यावर गरम पात्याने नव्या खाचा कोरतात. अशा खाचांच्या तळाशी टीडब्ल्यूआयचे उंचवटे दिसत नाहीत, किंवा खाच त्यांच्याही खाली गेलेली असते. टायर रिमवरून उतरवून आतून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आत ठिगळ, रबराचा भुगा किंवा गोल फिरलेला घासल्याचा पट्टा दिसला तर तो हवा नसताना पळवलेला टायर आहे. ट्रकला रिसोल (जुन्यावर नवी नक्षी चढवलेला टायर) चालतो, कारला नको.

## टप्पा ६ : आता भाव

साइज, वजनाचा आकडा, प्रकार आणि संख्या कागदावर लिहा आणि तीन दुकानांत तोच कागद दाखवा. प्रश्नही तेच ठेवा :

- टायर, व्हॉल्व्ह, बसवणं, बॅलन्सिंग, बॅलन्सिंगची वजनं आणि अलाइनमेंट धरून एकूण किती?
- टायर कोणत्या आठवड्याचा, कोणत्या वर्षाचा?
- जुन्या टायरचे किती कापून देणार?
- पक्कं बिल आणि वॉरंटीची नोंदणी मिळेल का?

तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात आणि जुने टायर फुकट सोडून येतात. त्यांनाही गिऱ्हाईक असतं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून कारच्या नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. करापूर्वी ३,००० चा टायर आधी ३,८४० ला पडायचा, आता ३,५४० ला. त्याआधीच्या दराच्या जोरावर कुणी भाव सांगत असेल तर बिलावरची कराची ओळ दाखवायला सांगा. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ याला बळी पडलात तर वॉरंटी गेली.

कोल्हापुरात स्वस्त मिळतो, असं सीमाभागात कायम बोललं जातं. कर दोन्ही राज्यांत सारखाच आहे. फरक पडला तर तो दुकानदाराच्या सवलतीचा. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ आहे, त्यांनी जरूर विचारावं. बेळगावहून फक्त टायरसाठी जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरहून जास्त होतात. सवलत इंधनात जाते आणि पुढे तक्रार निघाली तर पुन्हा तीच फेरी. ‘बिनव्याजी हप्ता’ असेल तेव्हा रोखीचा भाव आधी वेगळा विचारा. बऱ्याचदा रोखीची सूट हप्त्यात गायब झालेली असते.

## टप्पा ७ : बसवण्याआधी पाच मिनिटं

टायर यंत्रावर चढायच्या आधी तुम्ही तिथे उभे असायला हवं. एकदा रिमवर चढला की ‘आता वापरला’ म्हणून बदलून मिळत नाही.

साइज आणि वजनाचा आकडा कागदाशी जुळवा. आयएसआय चिन्ह बघा. तारीख सहा महिन्यांच्या आतली असेल तर उत्तम, वर्षापर्यंत चालेल. त्याहून जुना असेल तर दुसरा मागा किंवा भाव उतरवा. रिमवर बसणारी आतली कड बोटाने चाचपा, तिथे चीर नको. बाणाचं चिन्ह असेल तर ती फिरण्याची दिशा. ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर आलीच पाहिजे.

## टप्पा ८ : बसवताना

रिम आधी साफ हवी. गोव्याच्या खाऱ्या हवेत फिरणाऱ्या आणि पावसात भिजणाऱ्या लोखंडी रिमच्या कडेला गंज धरतो. तो तारेच्या ब्रशने काढला नाही तर नव्या टायरची हवा दर आठवड्याला उतरते आणि लोक पंक्चर शोधत बसतात. रिम वाकलेली असेल तर तेव्हाच सांगा.

रबरी व्हॉल्व्ह प्रत्येक चाकाला नवा घ्या. चहा-नाश्त्याच्या पैशांत होणारं काम आहे. कडेला साबणाचं पाणी किंवा टायरची पेस्ट लावायची. ग्रीस, डिझेल, जुनं ऑइल लावू देऊ नका, रबर खराब होतं. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हसमोर आणायचा. ती टायरची हलकी बाजू असते, आणि असं केलं की बॅलन्सिंगला वजन कमी लागतं.

हवा भरल्यावर रिमच्या कडेजवळची टायरवरची बारीक गोल रेघ चहूबाजूंनी सारख्या अंतरावर दिसायला हवी. एका ठिकाणी आत गेलेली असेल तर टायर नीट बसला नाही. व्हॉल्व्हवर आणि कडेला साबणाचं पाणी टाकून बुडबुडे बघा.

ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालायचा सल्ला कुणी दिला तर कारण विचारा. रिम गळते म्हणून असेल तर रिम दुरुस्त करा. नायट्रोजनसाठी जास्त पैसे द्यायची गरज नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

नट आधी हाताने फिरवून बसवा, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे. हवेच्या गनने एका दमात आवळलेला नट रस्त्यात पंक्चर झाल्यावर घरच्या पान्याने सुटत नाही.

## टप्पा ९ : अलाइनमेंट आणि पहिले हजार किलोमीटर

आधी हवा स्टिकरप्रमाणे, मग अलाइनमेंट. उलट केलं तर मापं चुकतात. यंत्राचा कागद ‘आधी’ आणि ‘नंतर’ दोन्ही आकड्यांसह मागून घ्या. बहुतेक लहान गाड्यांत फक्त पुढच्या चाकांचा टो जुळवता येतो. मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा) असेल तर तिथे फिरवण्यासारखं काहीच नसतं, म्हणून ‘मागची अलाइनमेंट’ अशी वेगळी रक्कम बिलात दिसली तर काय केलं ते विचारा. कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा तिरपेपणा) काढण्यासाठी साखळी लावून स्ट्रट, म्हणजे शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा खांब, ओढायची पद्धतही दिसते. कागदावर आकडा मर्यादेबाहेर असल्याशिवाय आणि कारण कळल्याशिवाय तसं करू देऊ नका.

पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक आणि वळणं टाळा. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, पकड यायला थोडा वेळ लागतो. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासा. ८०-१०० च्या वेगात स्टिअरिंग थरथरत असेल तर बॅलन्सिंग पुन्हा करून घ्या, आणि तेही त्याच आठवड्यात. दोन महिन्यांनी गेलात तर दुकानदार मानत नाही.

हवा महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी, गाडी थंड असताना. पंपापर्यंत दहा किलोमीटर जाऊन मोजलेली हवा जास्त दिसते. ती ‘जास्त’ म्हणून काढायची नाही. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी स्टिकरवर वेगळा आकडा असेल तर राष्ट्रीय महामार्ग ४८ ला लागण्याआधी तो पाळा. उन्हाळ्यात टायर फुटण्याचं नेहमीचं कारण म्हणजे कमी हवा, भरलेली गाडी आणि सलग वेग, तिन्ही एकत्र.

दर ८,००० ते १०,००० किलोमीटरला टायरची आळीपाळी. पुढचे सरळ मागे, मागचे फुलीने पुढे. बाणवाले टायर बाजू न बदलता फक्त पुढे-मागे.

पंक्चर नक्षीच्या भागात आणि ६ मिलिमीटरपर्यंतच्या छिद्राचं असेल तर दुरुस्त होतं. दोरी ओढून केलेलं काम गावापर्यंत पोचण्यापुरतं धरा. नंतर टायर उतरवून आतून मशरूम पॅच (छिद्रात देठ बसणारं छत्रीसारखं ठिगळ) लावून घ्या. भिंतीतलं पंक्चर दुरुस्त करू नका, कुणी कितीही भरवसा दिला तरी.

बिलावर प्रत्येक टायरचा अनुक्रमांक लिहून घ्या आणि मोबाइलमध्ये बिलाचा व टायरवरच्या आकड्यांचा फोटो ठेवा. बनावटीतला दोष निघाला तर उरलेल्या नक्षीच्या प्रमाणात भरपाई मिळते. खड्ड्याने आलेला फुगा साध्या वॉरंटीत बसत नाही. काही कंपन्या निवडक टायरना तीही देतात, पण ठरलेल्या मुदतीत नोंदणी केली असेल तरच. ती नोंदणी दुकानातून निघण्याआधी, दुकानदाराच्या समोर करून घ्या.